रायगडच्या कर्जतला स्वतःचा काही इतिहास आहे का, की फक्त फार्महाऊस आणि धबधबे?

तुम्ही लिहिलंय की कर्जतला घर बघताय आणि जो तो फार्महाऊस, ट्रेकिंग, पावसाळी पिकनिक एवढंच सांगतोय, गावाचं असं काही आहे की नाही. आहे हो, भरपूर आहे. मी कर्जतचाच, रेल्वेवाल्यांच्या घरातला, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. (नगरकडचं कर्जत वेगळं, हे उल्हास नदीकाठचं.)

कर्जत आज जे आहे ते बोरघाटाच्या चढामुळे आहे, माझ्या मते सगळा इतिहास इथूनच सुरू होतो. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ ला कल्याणपर्यंत आली आणि १८५६ च्या मे महिन्यात ती पोचली कुठे, तर खोपोलीला. पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा आणि बोरघाट पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीतून चढायचा, आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लाईन सुरू झाल्यावर वर जाऊन दुसरी गाडी पकडायचा. म्हणजे तेव्हा मोठं नाव खोपोलीचं, कर्जत मधलं एक गाव. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले आणि ते गेले कर्जतकडून, पळसदरीवरून वर. खोपोली बाजूला पडली ती आजपर्यंत. आजही कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोली लोकल त्याच एकेरी फाट्यावरून जाते, आणि कोणाला फारसं माहीत नसतं की पुण्याच्या दिशेने आलेली पहिली लाईन हीच.

घाटाचं काम म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचं, २५ बोगदे, काही ठिकाणी चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२ हजार माणसं इथल्या डोंगरात राबत होती. कॉलरा, हिवताप, सुरुंग, कडे, हजारोंनी माणसं गेली आणि त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत, हे मला फार लागतं. १८५९ च्या सुरुवातीला तर मजुरीच्या पैशांवरून मजूर आणि साहेबांची मोठी हाणामारी झाली, पहिल्या ठेकेदाराने, फॅविएलने, त्याच वर्षी काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परत नाही गेली, तिने ठेका स्वतःकडे घेतला, अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर या दोन इंजिनियरांच्या हाती काम दिलं आणि ते पूर्ण करून घेतलं. १८५९ साली एका बाईने एवढा मोठा ठेका निभावला, आणि आपल्याकडे शाळेत हे कोणी सांगत नाही.

आता कर्जत स्टेशनचं महत्त्व का, तर बँकरमुळे. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जास्तीची इंजिनं, म्हणजेच बँकर, लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात. त्या थांब्यावर गावाचं पोट चाललं. ड्रायव्हर, पॉइंट्समन, गँगमन, त्यांची क्वार्टर्स, बाजार, आणि प्लॅटफॉर्मवरचा दिवाडकरांचा वडा, जो बँकर लागेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत पिढ्यान्‌पिढ्या विकला गेला. आधी कोळशाची इंजिनं होती आणि घाटात वरच्या बाजूला रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढे चढायचं. १९२९ ला नवी लाईन टाकून ते बंद केलं, त्याच सुमारास घाटात वीज आली. तेव्हाच्या इलेक्ट्रिक इंजिनांना रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, उभं असताना ते इंजिन कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना त्याच्या दांड्यांचा वेगळाच आवाज यायचा.

उतरणं तर चढण्यापेक्षा अवघड. त्यासाठी घाटात कॅच सायडिंग आहेत, म्हणजे डोंगरात वर चढत जाणारे आंधळे रूळ. सांधा आधीच त्या रुळांकडे लावलेला असतो, गाडी तिथे पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक ठीक आहेत हे दिसलं, की मगच पुढचा सिग्नल मिळतो. ब्रेक लागले नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन थांबावी म्हणून. पुण्याहून येताना मंकी हिलच्या आसपास गाडी उगीच थांबली असं लोक कुरकुरतात, ती उगीच थांबत नाही.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच तालुक्यात माथेरानला जन्मलेले वीर भाई कोतवाल, शिकलेले वकील. टाटांची वीजकेंद्रं खोपोलीला १९१५ ला आणि भिवपुरीला १९२२ ला सुरू झाली होती, मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे या विजेवर चालायच्या. १९४२ मध्ये भाईंच्या आझाद दस्त्याने, म्हणजे त्यांच्या भूमिगत क्रांतिकारी गटाने, या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडायला सुरुवात केली. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील शहीद झाले. भिवपुरीचं पाणी वीज तयार करून झाल्यावर आजही राजनाला कालव्यातून शेतीला मिळतं, आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या वाणांना कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ अशी गावाचीच नावं आहेत. फार्महाऊस आले नव्हते तेव्हा इथे भातच होता, आता खाचरं प्लॉटमध्ये जाताना बघून वाईट वाटतं.

आता बदल वेगाने होतोय. २०२३ ला सुरू झालेली सोलापूर वंदे भारत बँकर न लावता घाट चढते, आणि पनवेल-कर्जतच्या नव्या दुहेरी मार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खोदलाय. तेव्हा घर बघायला याल तर एक करा, लोकलने कर्जतला उतरून खोपोली लोकलने एकच स्टेशन पुढे पळसदरीला जा. तिथे एक फाटा खोपोलीकडे आणि दुसरे रूळ घाटात जाताना दिसतात, १८५६ आणि १८६३ दोन्ही लाईनी एकाच जागी. मग बघा एजंटने काय दाखवलंय ते.