शिक्षा भोगणाऱ्या भावाचा कथासंग्रह प्रकाशकाकडे देता येईल का?

होय, देता येईल. कैदेमुळे लेखनाचा आणि ते प्रसिद्ध करण्याचा हक्क आपोआप संपत नाही. याचा मुख्य आधार महाराष्ट्रातलाच आहे: मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ते प्रकाशनासाठी त्यांच्या पत्नीकडे पाठवू द्यावे असा आदेश दिला व १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. मात्र ते स्थानबद्ध होते, शिक्षा झालेले बंदी नव्हते. शिवाय पुस्तक निव्वळ शास्त्रीय होते. त्यामुळे तुमच्या भावाच्या बाबतीत कारागृहाच्या नियमांनुसार मजकुराची तपासणी होईल हे गृहीत धरावे, आणि कथांत खऱ्या व्यक्ती ओळखू येत असतील तर बदनामीचा प्रश्न वेगळा उरतोच.

भावाने अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा, पानांना क्रमांक घालावेत आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी परवानगीवर विसंबू नये. लेखनाचा स्वामित्वहक्क भावाचाच राहतो, म्हणून करार त्याच्याच नावे व्हावा. मानधन व पत्रव्यवहार तुम्हाला सांभाळायचा असल्यास मुखत्यारपत्र करून घ्यावे. ते नोंदणी कायद्यातील कलम ३३ खाली करायचे झाल्यास कारागृहातील व्यक्तीला निबंधकांच्या कार्यालयात जातीने हजर राहावे लागत नाही, ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते.