थेरेमिन या स्पर्श न करता वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या अँटेनापासून हाताचे अंतर बदलल्यावर स्वर त्याच प्रमाणात बदलतो का?

नाही, हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढतो आणि दूर नेला की उतरतो, परंतु साधारणपणे अँटेनाच्या जवळ स्वर दाटीने येतात आणि तेथे बोटाची किंचित हालचालही स्वर बिघडवू शकते. लेव्ह तेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास रशियात घडवलेल्या या वाद्यात दोन उच्च वारंवारतेचे दोलक (ठरावीक वेगाने विद्युत कंपने निर्माण करणारी मंडले) असतात आणि त्यांच्या वारंवारतांमधील फरकच आपल्याला ऐकू येतो. हात जवळ आल्याने अँटेनाची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता, अगदी थोडी वाढते व तिला जोडलेल्या दोलकाची वारंवारता घटते: स्थिर दोलक ३,००,००० हर्ट्झवर असताना दुसरा २,९९,५६० वर उतरला, तर ४४० हर्ट्झचा स्वर मिळतो. ही धारिता अंतर कमी होताना अधिकाधिक वेगाने वाढते, आणि दाटीचे मूळ तेथेच आहे. चांगल्या वाद्यांत अँटेनाला जोडलेले तारेचे वेटोळे मधल्या पट्ट्यात स्वरांतील अंतरे बरीच सारखी करते. मात्र वादकाचे संपूर्ण शरीर या विद्युतक्षेत्रात असल्याने, उभे राहण्याची जागा बदलली की जुळवणी पुन्हा करावीच लागते.