मलेरियाची लस आणि कर्करोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती, या दोन्हींवर एकच शास्त्रज्ञ संशोधन का करतो?
कारण शत्रू समोर असूनही टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला संपवत का नाहीत, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. डासाच्या चाव्यातून शिरलेला मलेरियाचा परजीवी आधी यकृताच्या पेशींत दडतो आणि नंतर तांबड्या पेशींत वाढताना सुमारे 60 जनुके आलटूनपालटून वापरून त्या पेशींवरील प्रथिन बदलत राहतो. म्हणूनच 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आरटीएस,एस लस त्याला यकृतापूर्वीच अडवू पाहते. कर्करोगाची गाठ तर आपल्याच पेशींची असते, त्यामुळे तिला शत्रू म्हणून ओळखणे कठीण जाते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, दीर्घकाळ लढून थकलेल्या टी-पेशींवर दोन्ही आजारांत पीडी-1 हा त्यांना आवरणारा रोधक रेणू आढळतो. तो शोधणाऱ्या तासुकु होन्जो यांना 2018 चे नोबेल जेम्स ॲलिसन यांच्यासह विभागून मिळाले.