घरात कुणी राजकारणी नाही, तर कॉलेजात असताना सुरुवात कुठून करायची? (लांब उत्तर आहे, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात असा की बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, गाव तालुक्यापासून आत, शिकायला हॉस्टेलवर, घरात कुणी साधं सोसायटीचं संचालकपदही पाहिलेलं नाही, खिशात पैसे नाहीत, पण राजकारणात आणि लोकांच्या कामात उतरायचंय आणि वर्षही वाया घालवायचं नाही. काहींनी सांगितलंय "आधी डिग्री घे मग बघू" आणि काहींनी "एखादा दादा पकड, त्याच्यामागे फिर". मला दोन्ही पटत नाही. मी कॉलेजात असताना विद्यार्थी संघटनेत होते, नंतर एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात काही वर्षं अर्ज वाचण्याचं काम केलं, आता पोटापाण्यासाठी वेगळंच करते, पण त्या अर्जांच्या ढिगाऱ्यात बसून एक गोष्ट पक्की कळली की ज्याला एक काम शेवटपर्यंत नेता येतं त्याची सगळ्यांना गरज लागते, पक्षाला पण, साहेबांना पण आणि गावाला तर लागतेच. म्हणून माझा सल्ला एवढाच की एक लहानसा प्रश्न धर आणि एक वर्ष सोडू नकोस, झेंडा कुठला ते त्या वर्षात आपोआप कळत जाईल.

पण त्याआधी मतदार यादी. हसू नकोस, राजकारणावर तासन् तास बोलणाऱ्या किती पोरांचं नाव यादीत नसतं ते मी बघितलंय. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून, म्हणजे आपल्या आईवडलांच्या पिढीतल्या पोरांना हा हक्क नव्याने मिळालेला आहे. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलायला फॉर्म ८. हॉस्टेलवाल्यांचा नेहमीचा घोळ म्हणजे नाव गावाला ठेवायचं की कॉलेजच्या पत्त्यावर. दोन्हीपैकी एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि तुला गावात काम करायचंय तर गावातच ठेव, कारण ग्रामसभेचा सभासद कोण, तर ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे तो. नाव इकडे आणलंस तर तिकडे तू फक्त पाहुणा.

आता ग्रामसभा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण फुकटात राजकारण शिकायची याच्याइतकी चांगली जागा नाही आणि आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत. वर्षात किमान चार व्हायला हव्यात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले असायचे, आता तारखा मागेपुढे होतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. आणि प्रत्यक्षात काय होतं? ध्वजवंदन होतं, पेढे वाटले जातात, ग्रामसेवक दोन पानं वाचतो, मग रजिस्टर घेऊन शिपाई घरोघर सह्या गोळा करत फिरतो. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला तर कोरम लागतच नाही, म्हणजे दहा माणसांत गावाचे ठराव पास. हे एकदा डोळ्यांनी बघ, राज्यशास्त्राच्या पेपरात जे शिकवत नाहीत ते तिथे एका तासात कळेल.

तिथे जाऊन भाषण करू नकोस. पहिल्या सभेत फक्त एक विचार, "मागच्या सभेत जे ठराव झाले त्यांचं पुढे काय झालं?" बस. आवाज न चढवता. हे विचारलं की सगळे तुझ्याकडे बघतात, कोणाचा रे हा पोरगा, कोणाची गं ही पोरगी. पुढच्या सभेआधी लेखी अर्ज देऊन तुझा विषय अजेंड्यावर घ्यायला लाव आणि अर्जाच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस. तो शिक्का नसेल तर तू अर्ज दिलाच नाहीस असं समज. गावाला किती पैसे आले आणि कशावर गेले ते ई-ग्रामस्वराजच्या साईटवर दिसतं, तिथला आराखडा काढून बघ. केंद्राकडून आलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, बाकीचे अबंधित. हे बंधित-अबंधित कळलं की "निधीच नाही हो" या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो.

गडचिरोलीचं मेंढा लेखा ऐकलं असशील, "आमच्या गावात आम्हीच सरकार" वाले. त्यांना २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. लोक घोषणा लक्षात ठेवतात, मला त्यातलं आवडतं ते त्यांचे अभ्यासगट, निर्णय घ्यायच्या आधी वर्षानुवर्षं बसून कायदा समजून घेतला त्यांनी. पोरांनी हेच उचलावं. हॉस्टेलच्या खोलीत पाचजण बसून ग्रामपंचायत अधिनियमाची चार कलमं वाचलीत तरी तुम्ही अर्ध्या सदस्यांच्या पुढे.

एक उदाहरण देते म्हणजे "लहानसा प्रश्न" म्हणजे काय ते कळेल. आमच्याकडे पोरींचं प्रॅक्टिकल संपायच्या आधी गावाकडची शेवटची एसटी सुटायची. सगळे वर्षभर कुरकुरत होते, एकाने तर थेट आमदारांना निवेदन देऊन फोटो काढला, पुढे काही नाही. मग तीन मुलींनी काय केलं, त्या रूटवरच्या गावांची यादी केली, कुठल्या गावात किती पासधारक ते प्रत्येकीला विचारून वहीत लिहिलं, कॉलेजकडून प्रॅक्टिकलचं टाइमटेबल शिक्क्यासकट घेतलं, वाटेतल्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडले आणि अर्ज आगार व्यवस्थापकांना दिला. आमदारांकडे गेल्याच नाहीत. आगारवाले म्हणाले वेळ आमच्या हातात नाही, विभाग नियंत्रकांकडे जा. गेल्या. तिथून विचारणा खाली आली आणि तेव्हा आगाराच्या टेबलावर आकडे आधीच पडलेले होते, त्यामुळे "प्रवासी मिळत नाहीत" हे उत्तर देता येईना. गाडी मिळाली, लगेच नाही, पुढच्या सत्रात मिळाली. त्यातल्या एकीला पुढे दोन पक्षांनी स्वतःहून विचारलं. सांगायचा मुद्दा, निवेदन कुणाला द्यायचं हे शोधणं हेच निम्मं काम असतं. आपल्याकडे सगळं थेट मंत्र्यांना लिहायची सवय आणि सही करणारा माणूस बसलेला असतो दोन टेबलं पलीकडे.

माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा ऑनलाइन, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. नवशिके "रस्ता का केला नाही?" असं विचारतात, आणि "का" ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, जे कागदावर आहे तेच देतात. म्हणून मागायचं ते वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिकेची प्रत, बिलाची प्रत. पण आधी तोंडी विचार, मग साध्या अर्जाने, आणि नाहीच दिलं तर माहिती अधिकार. लोकांनी याचा धंदा करून नाव खराब केलंय, त्यामुळे पहिल्याच दिवशी अर्ज टाकलास तर समोरचा तुला त्याच रांगेत बसवणार.

आता कॉलेज. महाराष्ट्रात कॉलेजच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, हिंसाचार आणि खून झाल्यानंतर. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, पण कागदावर, तारखा पुढे ढकलण्यातच वर्षं गेली. लिंगडोह समितीचे नियम (२००६) तरी माहीत असू देत, उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, हजेरी ७५ टक्के, छापील पोस्टर चालत नाही. निवडणूक नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात आणि कॉलेजचं बजेट तिथे येतं. लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, विद्यार्थी प्रतिनिधी असायला हवेत आणि ते निवडून आलेले हवेत असं यूजीसीचा २०१५ चा नियम सांगतो. रॅगिंगविरोधी समितीतही जागा आहे. बहुतेक कॉलेजात प्राचार्यांच्या लाडक्या पोरांची नावं परस्पर भरलेली असतात. यादी माग, कोण कोण आहे ते बघ, नोटीस बोर्डावर लावायला सांग. हा पण एक वर्षभराचा विषय होऊ शकतो बरं का.

संघटना आणि पक्ष. अभाविप, एनएसयूआय, एसएफआय, एआयएसएफ, छात्रभारती, युवासेना, ज्याचं पटेल त्यात जा, मी कोणाची शिफारस करणार नाही. पक्ष म्हणजे घाण असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही, शेवटी कायदे तेच करतात. फक्त आत शिरायच्या आधी दोन-तीन महिने बाहेरून बघ. परीक्षेच्या काळात, निकालाच्या घोळात, शिष्यवृत्ती अडकते तेव्हा हे लोक दिसतात का की फक्त जयंतीला आणि वाढदिवसाच्या बॅनरवर? बैठकीत नवीन पोराला बोलू देतात का? मुलींना फक्त ओवाळायला आणि सूत्रसंचालनाला बोलावतात का? आणि महत्त्वाचं, "मी हे करणार नाही" असं म्हटल्यावर काय होतं? विद्यार्थी आंदोलनाची ताकद कमी समजू नकोस, गुजरातचं नवनिर्माण आंदोलन पेटलं ते डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून, आणि फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. पण आपल्याकडचं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचं नामांतर आंदोलन बघ, विधिमंडळाचा ठराव जुलै १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात कॉलेजला लागलेल्या पोरांची पोरं शाळेत जायला लागली. दोन्ही मनात धरून चाल.

आणि गुन्हा. कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मोर्चाला परवानगी आहे का, जमावबंदी लागू आहे का, हे आयोजकाला विचार. राजकीय आंदोलनातले गुन्हे सरकार पुढे मागे घेतं असं नेते छातीठोक सांगतात, पण तोवर तुझी चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अडकून पडते. नेत्याला वकील असतो, तुला तारखेला स्वतःच्या खर्चाने जायचं असतं. ठरवून, समजून, एखाद्या गोष्टीसाठी अटक झालास तर तो तुझा निर्णय, त्याचा मला आदरच आहे. कोणीतरी दगड मारला आणि तू बाजूला उभा होतास म्हणून नको.

सेवेचं म्हणशील तर एनएसएस, १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. बहुतेकांना त्यातले वाढीव मार्क माहीत असतात. सात दिवस ज्या दत्तक गावात जातात तिथे झाडं लावून परत येण्याऐवजी एक सर्व्हे नीट करून ग्रामपंचायतीला दिला तर ते शिबिर कामाचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते, आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचा तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम २००६ पासून चालू आहे. दोन्हीकडे तुझ्यासारखीच पोरं भेटतात, आणि ती ओळख पुढे वीस वर्षं पुरते.

डिग्रीनंतरचं पण आत्ताच डोक्यात ठेव. राज्य सरकारसोबत काम करायला देणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपला २१ ते २६ वय, पदवीला ६० टक्के आणि वर्षाचा अनुभव लागतो, म्हणजे "आधी राजकारण, मार्क गेले खड्ड्यात" हे इथेच आडवं येतं. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारांसोबत काम करायला देते, तिथे वयाची अट २५ च्या आत आहे आणि इंग्रजी लागतं, लाजू नकोस, दोन वर्षं आहेत हातात. आणि राज्यशास्त्रात एमए केलंस तर नागपूरला हिवाळी अधिवेशनात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग होतो, विभागप्रमुखांना आत्तापासून विचारून ठेव.

पदवीधर झालास की दोन वेगळ्या नोंदण्या आहेत आणि लोक त्यात हमखास गोंधळतात. एक विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची), तिथे नोंदणीकृत पदवीधर १० जण निवडून देतात. दुसरी विधान परिषदेची, राज्यात पदवीधरांचे सात मतदारसंघ, पदवीला तीन वर्षं झाल्यावर फॉर्म १८ भरायचा, आणि ती यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून यावेळी असेलच असं नाही. या दोन्ही निवडणुका नोंदणीतच जिंकल्या जातात. ज्याच्याकडे गावोगाव जाऊन फॉर्म भरून घेणारी पोरं आहेत त्याला सगळे विचारतात, म्हणून हे काम शिकून ठेव.

स्वतः उभं राहायचं असेल तर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत वय २१, विधानसभा-लोकसभेला २५. राखीव जागेवरून लढायचं तर जात वैधता प्रमाणपत्र, त्याला वेळ लागतो आणि त्यापायी निवडून आलेल्यांची पदं गेलेली आहेत, त्यामुळे कागदपत्रं कॉलेजात असतानाच काढून ठेव. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो, पडलेल्यांनी पण, आणि पडलेले नेमके तेच विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र होऊन बसतात.

आता वेळेचं, म्हणजे अभ्यास सांभाळून हे किती करायचं. आठवड्याला चार-पाच तास पुरतात, परीक्षेच्या महिन्यात शून्य, आणि ते सोबतच्यांना आधीच सांगून ठेवायचं. म्हणून एकट्याने काही करू नकोस, तिघंचौघं असाल तर एकाची परीक्षा असताना दुसरा अर्जाच्या मागे असतो. कॉलेजच्या वेळात कार्यालयं उघडी असतात ही अडचण खरी आहे, त्यावर उपाय म्हणजे आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकून टोकन नंबर जपून ठेवणं आणि सुट्टीत गावाला जाशील तेव्हा त्याच नंबरवर प्रत्यक्ष जाऊन विचारणं.

गावात सध्या काय अडलंय ते दोन ओळींत लिही, अर्ज कुणाच्या नावाने करायचा आणि सोबत काय जोडायचं ते सांगते.