आईच्या औषधांच्या बिलांवर करसवलत मिळते का? तिच्या बचत खात्याच्या आणि एफडीच्या व्याजावर कर लागतो का? (वय ६८, आरोग्य विमा नाही, बिलं जपून ठेवली आहेत)

बिलं जपून ठेवलीत म्हणता, पण पैसे कसे दिले ते लिहिलं नाहीत. घोडं तिथेच पेंड खातं.

आमच्या बाबांचाही विमा नव्हता. औषधं दादा आणायचा, कारण तो त्यांच्याजवळ राहायचा. मी दर महिन्याला दादाच्या खात्यात ४ हजार टाकायचो. तो ते एटीएममधून काढून दुकानात रोख द्यायचा, का तर रोखीवर ५ टक्के सूट. बिलं मात्र सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावून. मार्चमध्ये डबा उघडला तर निम्म्या बिलांची शाई उडून कोरे कागद उरलेले. उरलेली घेऊन सीएकडे गेलो, तर त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, "बँक स्टेटमेंट दाखवा."

आयकराच्या ८०डी कलमात साठीपुढच्या, विमा नसलेल्या आईवडिलांचा औषधोपचाराचा खर्च वर्षाला ५० हजारांपर्यंत आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो, पण रोखीनं दिलेला नाही. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५ हजारांपर्यंत, आणि तीही त्याच ५० हजारांत. आमचा वर्षाचा खर्च ४६ हजार, मी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. सेस (करावरचा उपकर) धरून १४ हजारांवर पाणी. दुकानदाराची सूट? अडीच हजारही नाही.

दादा म्हणाला, "तुझा कर वाचवायला मी औषधं आणत नव्हतो." मान्य. पण मी आधीच म्हटलं होतं, दुकानदाराचा यूपीआय दे, मी परस्पर पाठवतो. तेव्हा "माझ्यावर विश्वास नाही का?" ऐकावं लागलं. हिशोब मागितला की अविश्वास, हे आमच्या घरातलं जुनं दुखणं. आता दादा स्वतःच्या गोळ्या क्यूआर स्कॅन करून घेतो, मी परवाच पाहिलं.

तेव्हा आईची औषधं कुणीही आणो, पैसे तुमच्या खात्यातून थेट दुकानदाराला जाऊ द्या. भाऊ फुगला तर फुगू दे.

व्याजाचं म्हणाल तर ते आईचं उत्पन्न, तुमचं नाही. बचत खातं, एफडी सगळं मिळून ५० हजारांपर्यंतचं व्याज तिला ८०टीटीबी कलमात वजा मिळतं. बचत खात्यावर टीडीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) कापत नाहीत म्हणून ते करमुक्त, हाही दादाचाच शोध. तसं नसतं, रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एकूण उत्पन्नावर कर बसतच नसेल तर एफडीवर टीडीएस कापू नये म्हणून बँकेत तसा फॉर्म (जुना १५एच) भरून द्या.

आणि हो, या दोन्ही वजावटी ओल्ड रेजीममध्येच, म्हणजे जुन्या करपद्धतीत. न्यू रेजीम घेतली असेल तर बिलं जमवण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडेही वेगळे आहेत, पण सीएला '८०डी' म्हटलं की कळतं.