लग्नाचा व्हिडिओ : सिनेमॅटिक की पूर्ण लांबीचा?

प्रश्न : माझं लग्न सहा महिन्यांनी, मेमध्ये, नागपुरात वर्धा रोडवर विमानतळाजवळच्या एका लॉनवर आहे. गोरज मुहूर्त. व्हिडिओसाठी ६५ हजार बाजूला ठेवलेत. महाल भागातले आमचे नेहमीचे फोटोग्राफर तेवढ्यात दोन कॅमेरे लावून पूर्ण लग्नाचा व्हिडिओ देतात. दुसऱ्या स्टुडिओचं सिनेमॅटिक पॅकेज १,८५,००० चं आहे : फुटाळा तलावावर प्री-वेडिंग, ड्रोन, टीझर आणि पाच मिनिटांची फिल्म. वरच्या पैशांसाठी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेईन म्हणते. म्युच्युअल फंडाची एसआयपी महिन्याला ५ हजारांची आहे. बाबा म्हणतात, "आपल्याले लग्न लावाचं आहे का पिच्चर काढाचा आहे?" काय करू?

उत्तर : कोटेशनचा फोटो सोबत पाठवलात ते बरं केलंत. तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं छापलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलं. १८ टक्क्यांनी ३३,३०० रुपये वाढतात. पॅकेज २,१८,३०० वर गेलं, आणि कर्ज १,२०,००० ऐवजी १,५३,३०० चं झालं. १४ टक्के दर धरला तर हप्ता ५,२४० च्या आसपास बसतो आणि तीन वर्षांत निव्वळ व्याज ३५ हजारांवर जातं. प्रोसेसिंग फी वेगळीच. हा हप्ता सुरू झाला की एसआयपी बंद पडणार, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी आकड्यांवरून दिसतंय. तेव्हा कर्ज नको.

म्हणजे बाबा जिंकले असं नाही. तीन तासांच्या व्हिडिओत दीड तास आहेराची पाकिटं देणाऱ्यांची रांग असते, ती कोणी परत बघत नाही. तरी माझा कल थोडा त्यांच्याकडे आहे, त्याला कारण माझ्याच लग्नाची व्हीएचएस कॅसेट. बुरशी लागायच्या आत तिची डिजिटल प्रत करून घेतली. त्यात एका जागी माझी आजी अक्षता वाटता वाटता कॅमेऱ्याकडे बघते, ओशाळते आणि पदर सारखा करते. अकरा सेकंद. तिचं चालतंबोलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये ही अकरा सेकंदं पहिल्या झटक्यात कापली गेली असती. शिवाय अशा फिल्ममध्ये बहुधा सगळ्यावर एकच गाणं चढवलेलं असतं. मंगलाष्टकं म्हणताना मामांचा फाटलेला आवाज त्याखाली गडप होतो.

पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सिनेमॅटिकपणा बराचसा एडिटिंगच्या टेबलावर तयार होतो. चित्रीकरणाला तेवढा एकच दिवस मिळतो. एडिटिंग पुढच्या दिवाळीच्या बोनसमधूनही करून घेता येतं. अर्थात नुसत्या स्टँडवरच्या कॅमेऱ्यातून ती फिल्म निघणार नाही, हेही खरं. म्हणून महालवाल्यांनाच विचारा : गिंबलवर (चालतानाही कॅमेरा हलू न देणाऱ्या हातातल्या स्टँडवर) फिरणारा तिसरा कॅमेरामन, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि भटजी व नवरदेवाला कॉलर माइक. मेमध्ये नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे गोरज मुहूर्ताला उजेड झपाट्याने उतरत जाणार. त्यांचे कॅमेरे कमी उजेडात कसं टिपतात ते आधी केलेल्या संध्याकाळच्या लग्नाचं फुटेज मागून बघा. टीझर बघू नका, टीझर सगळ्यांचेच छान असतात.

माझ्या अंदाजाने हे वाढीव काम २० ते २५ हजारांत बसावं, त्यावर दोन हार्ड डिस्क. जो हप्ता तुम्ही तीन वर्षं बँकेला भरायला तयार होतात, तो आतापासून सहा महिने स्वतःच्याच खात्यात भरा. ३० हजार उभे राहतात. तेवढ्यासाठी एसआयपी सहा महिने थांबली तरी चालेल. तीन वर्षं नाही.

ड्रोन सोडाच. विमानतळाजवळ परवानगीशिवाय तो उडवता येत नाही आणि ती परवानगी कोण काढणार याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नाही. प्री-वेडिंग हवंच असेल तर एखाद्या रविवारी पहाटे मित्राचा कॅमेरा घेऊन फुटाळ्यावर जा.

आता कागद. फोर-के, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रण १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. तीन कॅमेरे, सहा तास : ८०० जीबीच्या वर. एवढा डेटा कुठलाही फोटोग्राफर फार दिवस सांभाळत नाही, पुढच्या लग्नासाठी जागा लागतेच. म्हणून कच्चं फुटेज तुमच्या डिस्कवर किती दिवसांत येईल ते करारात लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो. वेगळा करार केला असेल तर मात्र तसं राहत नाही. 'सर्व हक्क स्टुडिओकडे' अशी ओळ दिसली तर खोडायला लावा.

पैसे एकदम देऊ नका. मी पुतणीच्या लग्नात संकोचापायी सगळे मांडवातच देऊन मोकळा झालो आणि अल्बम चौदा महिन्यांनी हातात आला, तोही मुलाकडच्यांचं नाव चुकवून. बुकिंगला २५ टक्के, लग्नाच्या दिवशी ५०, आणि उरलेले २५ तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही डिस्क उघडून, मंगलाष्टकांचा आवाज नीट ऐकू येतोय ना ते बघितल्यावर.