पाझर तलाव आहे, मग पाळ पाझरणारच?

वाचकांचे प्रश्न : पाणी आणि बांधकाम

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून बांधलेला पाझर तलाव आहे. पाटीवर उंची ९ मीटर लिहिली आहे. त्याच्या खालच्या विहिरीवर गावाची नळयोजना चालते. यंदा तलाव पुनर्वसूतच भरला. तेव्हापासून पाळीच्या पायथ्याला बैलगाडी उभी राहील एवढ्या जागेत चिखल झाला आहे, लव्हाळा माजला आहे आणि बारीक धार वाहते आहे. जुनी माणसं म्हणतात, पाझर तलाव आहे, पाझरणारच. तीन वर्षांपूर्वी आमच्याच भावकीतल्या एकाने द्राक्षबागेसाठी पाळ उकरून पाइप टाकला. ती जागा ओलीपासून लांब नाही. बोलले तर घरात वाद होतो आणि न बोलावे तर रात्री झोप लागत नाही. काय करू?
– ग्रामपंचायत सदस्या, दिंडोरी तालुका

उत्तर : ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दुपारी मी फोन केला, कारण अशा प्रश्नाला अंक छापून होईपर्यंत थांबता येत नाही. मी पहिल्यांदा विचारले, धार निवळ आहे की गढूळ? तुम्ही काचेचा पेला घेऊन पाळीवर गेलात आणि अर्ध्या तासाने सांगितलेत, "निवळ आहे, तळाला काही बसत नाही." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहितो, कारण अशी तळी गावोगावी आहेत.

जुन्या माणसांचा मान राखून सांगतो, त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पाझर तलावाने पाझरायचे ते बुडातून. पाणी जमिनीत मुरावे आणि खालच्या विहिरींना उतरावे, यासाठी तो बांधलेला असतो. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढणे हे त्याचे काम नाही. मातीच्या पाळीत थोडे पाणी झिरपते हे मान्य. म्हणून तर पोटात काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचे कवच आणि पायथ्याला दगडांचा थर आणि चर ठेवतात. झिरपलेले पाणी त्या चरातून निवळ वाहत असेल, तर पाळ तिचे काम करते आहे. गढूळ पाणी आले की समजायचे, पाण्याबरोबर आतली माती निघाली. कणाकणाने बीळ तयार होते, बीळ रुंदावते, धार वाढते, वाढलेली धार आणखी माती नेते. हे एकदा सुरू झाले की हातात काही तासच उरतात.

आता पाइपाविषयी. माझी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामावर गेली आणि मला सगळ्यांत जास्त भीती पाळीत खोदलेल्या चराची वाटते. मूळ भराव पातळ थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेला असतो. पाइप टाकणारा जेसीबीने रात्रीतून चर खणतो आणि तीच माती वरून लोटून देतो. पीव्हीसी पाइप गुळगुळीत, त्याच्या कडेची माती सैल. पाण्याला आयती वाट मिळते. एका तलावावर मी स्वतः पाहिले आहे, पाइप कोरडा होता, मोटर बंद होती, आणि पाइपाच्या बाहेरच्या अंगाने मनगटाएवढी धार येत होती. पाणी गढूळ होते. ते गाव वाचले ते एका गुराख्याने वेळेवर हाक दिली म्हणून. मोठ्या धरणालाही हा नियम चुकत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा भराव खचला तो विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या नळावरचाच.

तेव्हा भावकीत बोलावेच लागेल, ताई. त्यांना सांगा, बाग बंद करा असे कोणी म्हणत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की तो पाइप काढायचा, चर दोन्ही बाजूंनी उतरता रुंद करायचा आणि काळी माती वीत-वीतभर जाडीच्या थरांत दाबून भरायची, तीही खात्याच्या अभियंत्यासमोर. पुढे पाणी न्यायचे तर परवानगी काढून पाळ न उकरता न्यावे. आत्ता भर पावसाळ्यात मात्र त्या पाइपाला कोणी हात लावू नका. उपटायला गेलात तर उरलासुरला आधारही जाईल.

आजपासून एक वही घाला. तलावाच्या आतल्या दगडी पिचिंगवर रंगाने फूट-फुटाच्या खुणा करा. रोज सकाळी पातळी लिहा आणि धार एका नळीत गोळा करून बादलीत मोजा. तुमची १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली, म्हणजे दिवसाला जवळपास २६ हजार लिटर. हा आकडा ऐकून घाबरू नका, तो तेवढाच राहतो का ते पाहा. तलावाची पातळी तीच आणि बादली मात्र ४० सेकंदांत, मग ३० सेकंदांत भरू लागली, तर पाणी निवळ असले तरी त्याच दिवशी तहसीलदारांना कळवा. शेजारी पेल्यातल्या पाण्याची नोंद ठेवा. नवी भेग, माथ्यावर खड्डा, कुठे भराव बसला, हेही लिहा.

पाणी गढूळ दिसले तर धारेचे तोंड बंद करायला जाऊ नका. सिमेंट, चिखल, ताडपत्री कोंबली की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते. करायचे ते उलट. धारेवर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, मग दगड. पाणी येऊ द्यायचे, माती अडवायची. म्हणून एक ट्रॉली वाळू, दोन ट्रॉली खडी आणि खताच्या रिकाम्या गोण्या आत्ताच पाळीजवळ आणून ठेवा. पण अशा वेळी गोण्यांच्याही आधी ओढ्याकाठची घरे रिकामी करायची आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करायचा.

फोनवर तुम्ही सहज म्हणालात की मासेमारीवाल्याने सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जाळी बांधली आहे आणि पाणी जास्त साठावे म्हणून पोरांनी तिथे वाळूच्या गोण्या रचल्या आहेत. हे दोन्ही आजच्या आज काढा. मातीच्या पाळीवरून पाणी गेले की ती टिकत नाही. सांडव्याच्या वर पाळीचा जो कोरडा भाग राहतो, तीच तिची सगळी सुरक्षितता आहे, आणि गोण्यांनी तुम्ही तीच कमी करता. जाळीत पाचोळा अडकला की एका पावसात तेच होते. खेकडे-उंदरांची बिळे, पाळीवरच्या बाभळी यांचीही काळजी घ्यावी, पण ते पावसाळ्यानंतरचे काम.

दाद कुठे मागायची? १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागाकडे, त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. तुमचा बहुधा जिल्हा परिषदेचा. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची करतो, पण तो १५ मीटरपेक्षा उंच आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. तुमची ९ मीटरची पाळ त्यात येत नाही, हे मला मनापासून खटकते. राज्याची धरण सुरक्षितता संघटना आपल्या नाशकात आणि इथून तासाभराच्या वाटेवरची पाळ कोणाच्याच यादीत नाही! २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. म्हणून तोंडी सांगून थांबू नका. ग्रामसभेचा ठराव, वहीच्या नकला आणि तारखेसह फोटो जोडून जिल्हा परिषद आणि तहसीलदार दोघांना द्या आणि पोच घ्या.

पंधरा दिवसांच्या नोंदी मलाही पाठवा. पाऊस उघडला की मी स्वतः पाळीवर येईन.

प्रश्न : आमच्या तलावातला गाळ काढून शेतात टाकायचा आहे. पाळीपासून किती अंतर सोडावे?
– शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : पाळीच्या आतल्या पायथ्याशी बसलेला गाळ तिथेच राहिला तर उपयोगाचा आहे, तिथून पाणी मुरू न देणारे ते अस्तरच आहे. पोकलेनवाले तिथेच आधी बकेट घालतात, कारण रस्ता जवळ पडतो. मी माझ्या कामांवर पाळीच्या उंचीच्या निदान पाचपट अंतराच्या आत यंत्र येऊ देत नसे. तुमच्या तलावासाठीचे अंतर अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या आणि पहिली ट्रॉली भरताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.